जादा वारा

वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा तिच्या रुखवतात, लाडू-चकल्यांची ताटं आणि लोकरीचे ससे यांच्या रांगेत, नट-बोल्ट आवळायच्या पान्यांचा एक संच मांडलेला होता. आईनं तो बघितला आणि कुणाच्या नजरेस पडायच्या आत त्यावर टॉवेल टाकला. "लोकं काय म्हणत्याल," एवढंच ती पुटपुटली. पण मांडवात ही गोष्ट पसरलीच. वहिनीच्या वडिलांचं अंबाजोगाईला बसस्टँडच्या रस्त्यावर दुचाक्यांचं गॅरेज होतं, पोटी मुलगा नव्हता, आणि ही थोरली मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसायची. वडिलांनी लेकीला जे दिलं ते सोन्यापेक्षा त्यांच्या जवळचं होतं. दादाला मात्र त्या संचाचं फार कौतुक वाटलं. घरी आल्यावर त्यानं तो उघडून एकेक पाना हातात घेऊन बघितला, आणि नव्या नवरीकडे बघून म्हणाला, "आता माझ्या गाडीची काळजी मिटली." वहिनी मान खाली घालून हसली. आई आतून ओरडली, "त्या घोड्याचं नाव नगा काढू आज तरी!"

घोडं म्हणजे दादाची मोटरसायकल. लाल रंगाची, पुढं वारा कापायला प्लॅस्टिकचं टोकदार तोंड बसवलेली, पुढं वाकून चालवायची. रंग जागोजागी उडालेला, कारण ती दादाला मिळाली तेव्हाच दोन हातांतून उतरलेली होती. आमचे वडील, आप्पा, मी शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून घर दादावर होतं. तो चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर होता, सरकत्या पट्ट्यासमोर उभा राहून समोर येणाऱ्या प्रत्येक सांगाड्याला तेच दोन बोल्ट आवळायचे, शिफ्ट संपेपर्यंत. घरी आल्यावर हात धुताना तो बोटं उघड-मीट करत राहायचा. त्याच कंपनीत नव्या गाड्या पळवून बघणारे चालक होते, त्यांना तो टेस्ट रायडर म्हणायचा, आणि तो शब्द उच्चारताना त्याचा आवाज जरा बदलायचा. त्यांच्यापैकी एक देशपांडे नावाचा चालक दादाला ओळखत होता. तो म्हणाला होता, "तू ये राव एकदा, चालवून दाखव. आवडलं तर मी साहेबांच्या कानावर घालतो." या एका वाक्यावर आमचं घर वर्षभर जगलं असं म्हटलं तरी चालेल.

घर थेरगावातलं, डांगे चौकापासून आत, आप्पांनी बांधलेल्या दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. आता तिथून चौकापर्यंत मोकळी जागा म्हणून दिसत नाही, पण तेव्हा समोर बाभळी होत्या आणि शेजारी एक लेथचं वर्कशॉप. दिवसभर लोखंड कातरल्याचा किणकिणता आवाज यायचा आणि तो थांबला की आम्हालाच चुकल्यासारखं व्हायचं. पहाटे कंपनीच्या बसचे हॉर्न, मग आईच्या भाकरी थापटण्याचा आवाज. वहिनी आल्यावर सकाळच्या वासात फरक पडला. ती चुरमुरे भिजवून, दाण्याचा कूट घालून सुशीला करायची आणि रविवारी भाजल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी. आईला पहिले काही महिने ती आमटी घशाखाली उतरेना. "तिकडं समदंच काळं आन् तिखट," म्हणायची. मला मात्र वहिनीच्या हातचं सगळं आवडायचं. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, वहिनी माझ्याहून थोडीच मोठी, पण मला 'वन्सं' म्हणून अहोजाहो करायची. मला त्याचं हसू यायचं. "कशाला हसायलात?" ती विचारायची, आणि मग तीही हसायची.

घरातही आईनं पान्यांवर टॉवेल टाकून ठेवला होता, तो दादामुळंच निघाला. एका रविवारी तो गाडीचा आवाज ऐकवत पडवीत उभा होता, आणि वहिनी आतून पीठ मळत्या हातानं बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, हिचा श्वास कोंडायलाय." मग तिनं आम्हा दोघांना समजावून सांगितलं, आणि ते इतकं सोपं करून सांगितलं की मी आयुष्यभर विसरले नाही. इंजिनला पेट्रोल लागतं तसाच वारा लागतो. वारा एका डब्यातून गाळून आत जातो, अरुंद जागेतून, म्हणजे कार्बोरेटरमधून, जोरानं जाताना खालच्या वाटीतलं पेट्रोल वर ओढून घेतो, जसं आपण नळीनं सरबत ओढतो तसं. कंपनीनं डब्याचं तोंड लहान ठेवलेलं असतं, आवाज कमी यावा म्हणून. तोंड मोठं केलं, वाट गुळगुळीत केली, की गाडी मोकळी पळते. "पैसे?" दादानं विचारलं. "पैसे कशाला? चाकू लागंल, पॉलिशपेपर लागंल, आन् तुमचा रविवार."

त्या हिवाळ्यातले आमचे सगळे रविवार पडवीत गेले. वहिनीनं डब्याच्या तोंडावरची रबरी नळी कापून काढली. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराच्या आतल्या बाजूला साच्याच्या कडा राहिलेल्या होत्या, त्या तिनं घासून घासून बोटाला लागणार नाहीत अशा केल्या. मधल्या जोडाचा कागद भोकात पुढं आलेला होता तो नखाएवढा कापला. दापोडीत रेल्वेलाइनजवळ हमीदचाचांचं भंगाराचं दुकान होतं, तिथं मी आणि वहिनी बसनं जायचो. चाचांना आधी वाटलं आम्ही रद्दी विकायला आलो. वहिनीनं कार्बोरेटरमधला बारीक पितळी जेट मागितला, थोडा मोठ्या भोकाचा, कारण वारा वाढला की पेट्रोलही वाढायला हवं. चाचांनी चष्मा कपाळावर ढकलून तिच्याकडे बघितलं आणि एक डबी आमच्यापुढं ओतली. "बेटी, तूच शोध. मला आता एवढं बारीक दिसत नाही." घरी येऊन ती जेट बसवायची, दादा चौकापर्यंत जाऊन यायचा, मग ती इंजिनमधला ठिणगीचा प्लग काढून त्याचा रंग बघायची. काळा असेल तर पेट्रोल जादा, पांढरा असेल तर वारा जादा. बिस्किटाच्या रंगाचा आला की ती तो माझ्या नाकापुढं धरायची. "बघा वन्सं, कसा शेकलाय."

सगळ्यात मजा लोकरीची. पुढच्या प्लॅस्टिकवरून वारा नेमका कुठून जातो ते तिला बघायचं होतं, म्हणून तिनं आईच्या स्वेटरच्या लोकरीच्या गुंड्यातून तुकडे तोडून गाडीच्या दोन्ही अंगांना चिकटपट्टीनं चिकटवले. मोशीच्या पुढच्या रिकाम्या रस्त्यावर दादा गाडी चालवतोय आणि शेजारून माझ्या मैत्रिणीकडून मागून आणलेल्या स्कूटीवर वहिनी, मागं मी, आणि आम्ही दोघी वाकून लोकर बघतोय, असं ते दृश्य. जिथं लोकर सरळ मागं पडते तिथं वारा नीट आहे, जिथं ती गोल गोल फिरते तिथं घोटाळा आहे. अशा जागा वहिनीनं फोमच्या पट्ट्यांनी बुजवल्या, जुन्या जाहिरातीच्या फळीचे तुकडे कापून इंजिनवर वारा वळवणारे पडदे केले. आईनं लोकरीचा तुटवडा बघून आरडाओरडा केला, पण संध्याकाळी तिनंच मला हळूच विचारलं, "मंग? सरळ उडली का लोकर?" आई विरघळत चालली होती. दादा जेवताना बोलायचा, मोठ्यानं हसायचा. मला आज वाटतं, आमच्या घराला तेवढेच दिवस मिळाले.

शेवटचं काम वाऱ्याच्या बोगद्याचं. गाडीच्या तोंडापासून थेट डब्यापर्यंत एक रुंद नळी नेली, तर गाडी जितकी जोरात जाईल तितका वारा आपोआप आत ढकलला जाईल, असं वहिनीच्या डोक्यात आलं. वॉशिंग मशीनचा जुना पाइप, ऑइलचा रिकामा कॅन कापून केलेलं नरसाळं, कडेनं चंदेरी चिकटपट्टी. गावातल्या रस्त्यांवर चालवून बघितलं, प्लग बिस्किटासारखाच आला. पूर्ण वेगानं लांबवर पळवायला मात्र आमच्याकडे रस्ता नव्हता. तो पहिल्यांदा मिळाला देशपांडेला गाडी दाखवायच्या दिवशी.

चाकणच्या पलीकडं नव्या कारखान्यांसाठी आखलेल्या जमिनीत एक सरळ डांबरी रस्ता तयार होता, कंपन्या अजून यायच्या होत्या. काही पोरं रविवारी सकाळी तिथं गाड्या पळवायची. देशपांडे यायचं कबूल करून आला होता. वहिनीनं रात्रभर भिजवलेल्या डाळीची वडी केली होती, ती डब्यात होती, सगळं झाल्यावर खायला. मी आणि वहिनी रस्त्याच्या कडेला मुरमाच्या ढिगावर उभ्या होतो. चाकणच्या बाजाराकडून कांद्याचा वास येत होता. दादानं हेल्मेट घालताना वहिनीकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या. आधी दोनदा तो सावकाश जाऊन आला. देशपांडे मान डोलावत होता. मग दादा लांब टोकापर्यंत गेला, वळला, आणि पूर्ण जोरात यायला लागला.

मला आवाज आठवतो. तसला आवाज त्या गाडीचा आधी कधीच नव्हता, ताणलेला, स्वच्छ. वहिनीनं माझा दंड धरला होता. "बघा," ती म्हणाली, "बघा कशी श्वास घ्यायलीय." आणि तो आवाज मधेच तुटला. एकदम शांतता, आणि त्या शांततेत मागचं चाक रस्त्यावर घासल्याची किंकाळी. इंजिन तापून आतल्या आत आवळलं होतं. गाडी आडवी झाली, दादा तिच्यापासून सुटून घसरत विजेच्या खांबाच्या चौथऱ्यावर उजव्या खांद्यानं आदळला. वहिनी पळाली. मी मुरमाचा ढीग उतरून मागून गेले. मी तिथं पोचले तेव्हा तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलेलं होतं आणि तो शुद्धीत होता. तो म्हणत होता, "हात कुठाय माझा? मला हात लागत नाहीये." हात होता. त्याच्या शेजारीच पडलेला होता, आणि त्याचा नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, मानेतून हातात जाणाऱ्या नसा मुळापासून ओढल्या गेल्यात. हाड जुळेल, हात परत येणार नाही. वहिनी तेव्हा रडली नाही. दुसऱ्या दिवशी देशपांडेनं टेम्पोतून गाडी घरी आणून टाकली, आणि कपडे न्यायला घरी आलेली वहिनी पडवीत तिच्याजवळ बसली. मी दारात होते. तिनं प्लग काढला. तो खडूसारखा पांढरा होता. ती बराच वेळ तो बोटांत फिरवत बसली, मग उठून हात धुतले, कपडे घेतले आणि निघाली. वाटेत रिक्षात तिनं मला सांगितलं. सावकाश चालवताना सगळं बरोबर होतं. पण पूर्ण वेगात तिच्या नळीनं वारा इतका दाबून आत घातला की पेट्रोल पुरेसं वर येईना, आणि नुसत्या वाऱ्यावर इंजिन भाजून आवळलं. "नळीनं सरबत ओढताना वरनं कुणी फुंकर घातली, तर येईल का सरबत वर?" तेवढाच दाब पेट्रोलच्या वाटीवरही द्यायला हवा होता. त्यासाठी डब्यापासून वाटीपर्यंत एक बारीक नळी जोडायची. वीतभर. आमच्या पडवीत तसल्या नळीचे तुकडे पडलेले होते. हल्लीच्या गाड्यांत हा सगळा हिशेब आतला कॉम्प्युटर करतो असं माझा जावई सांगतो. मी ऐकून घेते.

तिनं दादाला त्याच दुपारी सांगितलं. मी खाटेच्या पायथ्याशी मोसंबं सोलत होते. ती म्हणाली, "अहो, तुमचं काही चुकलं नाही. इंजिन माझ्यामुळं आवळलं." आणि सगळं सांगितलं, नळीपर्यंत. दादा छताकडे बघत होता.

"आईला बोललीस?"

"न्हाई. आज सांगायचंय."

"सांगायचं नाही. मी घाबरून ब्रेक मारला, चाक अडकलं. एवढंच झालं."

"पण ते खोटं हाय की."

"तुला त्या घरात राहायचंय ना? मग गप राहा." मग मान न वळवता मला म्हणाला, "तूसुद्धा."

त्या वेळी मला वाटलं, माझ्या भावाएवढा मोठ्या मनाचा माणूस जगात नाही. तो होताच तसा, त्या दुपारी. आईनं खरोखरच वहिनीला घरात राहू दिलं नसतं. तिचा संशय पहिल्या दिवसापासून त्या पान्यांवर होता. दादानं ठरवल्याप्रमाणे आईला सांगितलं, देशपांडेलाही तेच सांगितलं, आणि आईचा सगळा राग त्याच्यावर कोसळला. "वाऱ्याशी पैजा लावाया गेला व्हतास! ब्रेक कवा मारावा ते कळंना, आन् म्हनं रायडर!" ती त्याला भरवताना हे बोलायची. तो तोंड उघडून घास घ्यायचा. वहिनी चुलीपाशी पाठ करून उभी असायची. कंत्राट संपल्याचं कंपनीनं कळवलं. गाडी हमीदचाचांनी येऊन नेली. पान्यांचा संचही वहिनीनं त्यांच्या हातगाडीवर ठेवला. चाचा म्हणाले, "बेटी, हे राहू दे, कामाला येतील." ती म्हणाली, "न्या तुम्ही." तिला चाकणमधल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायचं काम मिळालं. पहाटेच्या बसचा हॉर्न आता तिच्यासाठी वाजायचा.

दादा पडवीत खुर्ची टाकून बसायचा. डाव्या हातानं लिहायला शिकावं म्हणून मी पाटी आणली, ती त्यानं दोन दिवसांनी परत दिली. कुठं बसून करायचं काम मिळतंय का म्हणून मामांनी चार ठिकाणी शब्द टाकला. तो एकदा गेला, वाट बघायला लावली म्हणून उठून आला, परत गेला नाही. उजवा हात तो झोळीत ठेवायचा, आणि तो दुखायचा. ज्यात काहीच जाणीव नव्हती तोच हात आतून जळायचा, रात्रंदिवस, आणि त्याला औषध नव्हतं. पहिलं वर्ष त्यानं ते सोसलं. मग तो बारीकसारीक गोष्टींवरून चिडायला लागला, आमटीत मीठ, वहिनीला बसमधून यायला झालेला उशीर, तिच्या अंगाचा पिठाचा वास.

आणि एके दिवशी जेवताना, ताट त्याच्या डाव्या हाताला सोयीचं ठेवलं नव्हतं म्हणून, त्यानं ते सरकवलं आणि वहिनीकडे बघून म्हणाला, "सांगू का?"

फक्त एवढंच. आईनं नवरा-बायकोचं काहीतरी असेल म्हणून लक्ष दिलं नाही. काय सांगायचं ते आम्हा तिघांनाच कळत होतं. वहिनीनं ताट उचललं, फिरवून परत ठेवलं. त्यानंतर मी लग्न होऊन चिंचवडला जाईपर्यंत ते दोन शब्द मी किती वेळा ऐकले असतील. पुढं पुढं तो शब्दही बोलत नसे, नुसता आईच्या खोलीकडे बघायचा. एकदा मी त्याला बाहेर गाठून म्हटलं, "दादा, तूच तिला वाचवलंस ना? मग हे काय चाललंय?" त्यानं झोळीतला हात डाव्या हातानं उचलून धरला. मग म्हणाला, "रोज दुखतं गं. कुणाला तरी दुखलं पाहिजे ना माझ्याबरोबर." आणि लगेच तोंड फिरवून रडायला लागला. मी वहिनीला म्हटलं, चल माझ्याकडे, नाहीतर सरळ आईला सांगून टाकू, होऊन जाऊ दे एकदाचं. ती म्हणाली, "वन्सं, आता ह्यांच्याकडं तेवढंच राहिलंय. ते पण काढून घेऊ?" त्यांना मूल झालं नाही. अंबाजोगाईला तिचे वडील गेले तेव्हा गॅरेजची चावी घ्यायला म्हणून तिला बोलावणं आलं. ती गेली, तेरावं करून परतली, आणि चावी गाळ्याच्या मालकाला देऊन आली.

अशी वर्षं गेली. बाभळी गेल्या, लेथ बंद पडला, चौकात पूल झाला. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं, कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर चार शब्द पोचायचे. तिचं सगळं वहिनीच करायची, कामावरून येऊन. आईच्या शेवटच्या दिवसांतल्या एका दुपारी मी तिथं होते. वहिनी तिला चमच्यानं पेज भरवत होती, दादा खिडकीपाशी बसला होता. आईनं चमचा बाजूला सारला आणि वहिनीचं मनगट धरलं.

"माज्या पोरानं तुजं वाटुळं केलं गं," ती म्हणाली. बहिऱ्या माणसाचा असतो तसा आवाज, मोठा. "त्यानं मस्तीत ब्रेक मारला आन् तुज्या जल्माचा इस्कोट झाला. दुसरी असती तर कवाच ग्येली असती. तू ऱ्हायलीस. देव तुजं भलं करंल."

वहिनीनं वाटी खाली ठेवली. मी तिचा चेहरा बघितला आणि मला कळलं की आता ती बोलणार.

"आई," ती म्हणाली, "ह्यांनी ब्रेक मारलाच नव्हता. वारा मी जादा दिला. इंजिन माझ्यामुळं आवळलं. ह्यांचा हात माझ्यामुळं गेला. तुम्ही इतकी वर्षं ह्यांना बोललात, ते मला बोलायचं होतं."

आई तिच्या ओठांकडे बघत होती. मग तिनं खिडकीकडे मान वळवली. "काय म्हंती रं ही?"

दादा उठला. खाटेजवळ आला, डावा हात उशीवर टेकून वाकला, आणि आईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "चहा टाकू का, विचारतीय!"

"टाक की," आई म्हणाली. "पर साखर घाल बाई. रोजचा तसला फिका नको."

वहिनी दादाकडे बघत राहिली. तो सरळ झाला, परत जाऊन खिडकीपाशी बसला आणि बाहेर बघायला लागला. ती उठली आणि आत गेली. शेगडी पेटल्याचा आवाज आला, मग डब्यांचा. थोड्या वेळानं तिनं आम्हा तिघांना चहा आणून दिला. आईला तिनं बशीत ओतून, फुंकर घालून पाजला. आईनं सगळा प्यायला, आणि सुनेच्या हाताला चव आहे म्हणाली.